तीन तासांवरचं नागपूर

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, पवनी या पट्ट्यातल्या पोराला नागपूर परकं वाटत नाही. माणूस फारच आजारी पडला की नागपूरचं मेडिकल, लग्नाचा बस्ता बांधायचा की इतवारी, मोटारपंपाचा सुटा भाग मिळाला नाही की पुन्हा नागपूर. त्यामुळे पुण्याला निघालेल्या पोराला घरचे चार गोष्टी समजावतात, ओळखीच्या माणसाचा नंबर देतात, पैसे कुठे ठेवायचे ते सांगतात. नागपूरला निघालेल्याला कुणी काही सांगत नाही. तीन तासांवर तर आहे, काही लागलं तर संध्याकाळच्या एसटीनं ये, एवढंच. मीही तसाच निघालो. 2019च्या जूनमध्ये तंत्रनिकेतनची पदविका हातात घेऊन मिहानमध्ये कामाला लागलो, आणि पहिल्या वर्षात ज्या चुका केल्या त्या सगळ्या इथूनच सुरू झाल्या. मी नागपूरला राहायला गेलोच नव्हतो. कामापुरता जात होतो. बाकी सगळा मी गावातच होतो.

मिहानचं नाव मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. देशाच्या मध्यावरचं विमानतळ, त्याला लागून मालवाहतुकीचं केंद्र, शेजारी सेझ, असा तो आराखडा. त्यासाठी 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. पुढे कितीतरी वर्षं पेपरात 'मिहानमध्ये येणार' अशाच बातम्या यायच्या आणि आमच्याकडची मोठी माणसं पान उलटायची. मग खरोखर काहीतरी येऊ लागलं. बोइंगनं बांधून दिलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र 2015 मध्ये एअर इंडियाकडे आलं. टीसीएस, एचसीएल, ल्युपिन ही नावं पोरांच्या तोंडी बसली. आणि 2019च्या मार्चमध्ये मेट्रो सीताबर्डीहून थेट खापरीपर्यंत धावू लागली. पानठेल्यावर लोक म्हणायला लागले, आता आपल्या पोरांना पुणं-हैदराबाद करायची गरज नाही. हे ऐकत मी मोठा झालो, आणि 'मिहानमध्ये लागला' या दोन शब्दांना आमच्या गावात काय वजन आहे ते मला पुरतं ठाऊक होतं.

मला काम मिळवून दिलं ते एका एजन्सीनं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांच्या नावांचे कागद चिकटवलेले. 'रजिस्ट्रेशन' म्हणून 10 हजार मागितले. आईनं धानाच्या चुकाऱ्यातले काढून ठेवलेले पैसे मी तिथं रोख मोजून दिले. पावती मागितली नाही. मागितली तर नाराज होतील आणि नोकरी जाईल, असं वाटलं. सोबत मूळ गुणपत्रिकाही देऊन टाकल्या, कारण त्यांनी 'ओरिजिनल ठेवा' म्हटलं. आणि कोऱ्या फॉर्मवर, जिथं जिथं फुली मारून दिली होती तिथं तिथं, सह्या केल्या. त्यातला एक भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म 11 होता. त्यात काय भरतात हेसुद्धा मी वाचलं नाही. पदविकेच्या तीन वर्षांत ड्रॉइंगवरची एकेक रेघ तपासायला शिकलेला मी, माझ्याच नावाचा कागद न वाचता सही करून मोकळा झालो.

कामावर रुजू झाल्यावर कळलं की मी कारखान्याचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. गळ्यातल्या पासवर वर कारखान्याचं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरांत ठेकेदाराचं. ठेकेदारीत काम करण्यात कमीपणाचं काही नाही. मिहानमध्ये, बुटीबोरीत, हिंगण्यात हजारो माणसं तशीच कामं करतात आणि त्यांच्याच हातांवर शिफ्ट चालतात. हे मला आज सरळ म्हणता येतं. तेव्हा मी पासचा फोटो घरी पाठवला तो खालच्या ओळीवर अंगठा ठेवून. बाबांनी तो फोटो गावभर दाखवला.

खोटं एकदा बोलून भागलं असतं तर कदाचित तेवढ्यावरच राहिलं असतं. पुण्याला गेलेला पोरगा दिवाळीला आणि होळीला गावात येतो. दोन दिवस काहीही सांगून निभावतं. मी दर शनिवारी येत होतो. दर शनिवारी संध्याकाळी पानठेल्यावर कुणीतरी विचारायचंच, "काय गा, परमनंट केलं का मिहानवाल्यांनी?" आणि दर शनिवारी मला नवीन काहीतरी सांगावं लागायचं. कॅन्टीन फुकट आहे, बस घ्यायला येते, साहेब चांगला आहे. खरं म्हणजे मी सकाळी खापरी मेट्रो स्टेशनच्या पुढच्या चौकात शेअर ऑटोची वाट पाहत उभा राहायचो. ऑटो भरला नाही की चालत निघायचो.

त्या रस्त्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मिहान बाहेरून फक्त उड्डाणपुलावरून पाहिलेल्या माणसाला ते कळत नाही. रस्ते रुंद, दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल, दोन्ही बाजूंना कुंपणं आणि कुंपणांच्या आत नुसतं गवत. एका कंपनीच्या फाटकापासून दुसऱ्या कंपनीच्या फाटकापर्यंत मध्ये दुकान नाही, नळ नाही, सावली धरेल असं झाड क्वचित. हे सगळं चारचाकीनं किंवा कंपनीच्या बसनं येणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. जूनचा पहिला आठवडा, पाऊस यायचा होता, आणि नागपूरचं ऊन त्या डांबरावरून परत अंगावर येत होतं. आमच्या शिफ्टचा एक गडी गळ्यात ओला दुपट्टा आणि खिशात कांदा ठेवून चालायचा. मी दुपट्टा बांधत नव्हतो, कारण गावठी दिसेन असं वाटायचं. एकदा फाटकापाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली. सिक्युरिटीच्या भाऊंनी सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ऊन लागणं म्हणजे काय, हे रोवणीच्या चिखलात वाढलेल्या मला सांगायला नको होतं. तरी मी ते अंगावर ओढवून घेतलं.

राहायला खोली चिंचभुवनला घेतली होती. घरमालकीण काकूंचं मूळ घर शिवणगावचं. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या जमिनी गेल्या, त्यात काकूंचं वावरही गेलं. मोबदल्याच्या पैशातून त्यांनी हे घर बांधलं, आणि वरच्या दोन खोल्या आमच्यासारख्यांना भाड्यानं दिल्या. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नाही. भाडं द्यायला खाली जायचो तेव्हा दारातच उभा राहायचो. "बस ना बाबू, चहा मांडते," म्हणायच्या. मी "शिफ्ट आहे" म्हणून निघायचो. शिफ्ट नसतानाही. करारनामा केला नव्हता. आठवड्यातले पाचच दिवस तर राहायचंय, कशाला खर्च, असा विचार. गॅस घेतला नाही, भांडी घेतली नाहीत. एक गादी, एक बादली, भिंतीवर ठोकलेले खिळे. कुठल्या गल्लीत डॉक्टर आहे, किराणा कुठं उधारीवर मिळतो, शेजारच्या खोलीतला पोरगा कुठला, काही ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ती खोली म्हणजे स्टँडवरचं बाकडं होतं, शनिवारच्या गाडीची वाट पाहायचं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागभीडची छोटी रेल्वे ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. मी तिनं फारसा जातही नव्हतो, पण गाडी घ्यायला ते निमित्त पुरलं. हातात महिन्याला 11-12 हजार पडत होते आणि मी हप्त्यावर मोटरसायकल उचलली. ती कामावर जायला घेतली असती तरी एक वेळ ठीक होतं. मी ती घेतली गावात शिरताना दिसावी म्हणून. भाडं, हप्ता, दर शनिवार-रविवारचं जवळपास दोनशे किलोमीटरचं पेट्रोल, मेसचे पैसे. महिन्याच्या वीस तारखेनंतर मी रात्री समोसा खाऊन झोपायचो आणि शनिवारी गावात पोरांना चहा-खर्रा पाजायचो.

त्या काळातली एकच गोष्ट मला आजही आवडते. त्याच नोव्हेंबरात मिहान परिसरात वाघ दिसला. वनविभागानं कॅमेरे लावले, कंपन्यांनी सूचना काढल्या, रात्रपाळीची माणसं फाटकाबाहेर यायला घाबरू लागली. आमच्याकडे तर तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायच्या दिवसांत वाघाची धास्ती घेऊनच बाया पहाटे निघतात. जेवणाच्या सुटीत मी सांगितलं, वाकून बसू नका, एकटे जाऊ नका, बोलत चला, गवतातून वाट काढू नका. सगळे ऐकत होते. एकानं विचारलं, "तुझं गाव नेमकं कुठलं?" तोवर मी सगळ्यांना नुसतं 'चंद्रपूर' सांगत होतो आणि बोलताना डोळ्याचा डोरा होऊ नये म्हणून जपत होतो. त्या दिवशी गावाचं नाव सांगितलं. पलीकडच्या टेबलावरचा एक जण भिवापूरचा निघाला. माझ्या रस्त्यावरचा, आणि इतके महिने मला माहीत नव्हतं.

त्याच्याचकडून मला कळलं की आमच्या ठेकेदाराकडे लागायला त्यानं एक रुपयाही दिला नव्हता. फाटकावर बायोडेटा देऊन आला होता. बाकीच्यांना विचारलं. बहुतेक सगळे तसेच. म्हणजे आईचे 10 हजार मी कशाचेच दिले नव्हते.

इथवरच्या चुकांनी माझंच नुकसान झालं होतं. पुढची चूक तशी नव्हती.

गावात आमच्याच आळीतला एक मित्र, आयटीआय झालेला. जानेवारीत त्याचे वडील घरी आले. मिहानमध्ये याचंही काही बघ म्हणाले. त्या वेळी मला एजन्सीचं सगळं माहीत होतं. पैसे देऊ नका, फाटकावर जाऊ, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर मी ठेकेदारीत आहे, आणि मलाही फसवलं गेलं, हे दोन्ही बाहेर आलं असतं. बाबा शेजारीच खुर्चीवर बसले होते, अभिमानानं. मी एजन्सीचा नंबर दिला. मित्राकडून एजन्सीवाल्यांनी 15 हजार घेतले. 'होळीनंतर कॉल येईल' म्हणाले.

होळीनंतर जे आलं ते सगळ्यांना माहीत आहे. 11 मार्चला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. 22 मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता म्हणून त्या शनिवारी मी गावाला गेलो नाही, पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं. 23 मार्चला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी देशभरची टाळेबंदी जाहीर झाली. तीन तासांवरचं गाव एका रात्रीत इतकं लांब गेलं की पुणं आणि नागपूर सारखंच. मेस बंद, टपऱ्या बंद, रेशनकार्ड गावात. खोलीत चहा करायला स्टोव्हसुद्धा नव्हता.

दोन दिवस मी बिस्किटं आणि पाण्यावर काढले. लाज वाटत होती, ज्या बाईकडे कधी चहाला टेकलो नाही तिच्या दारात आता जेवण मागायला कसं जायचं. तिसऱ्या दिवशी काकूच वर आल्या. खोलीत नजर फिरवली. चूल नाही, डबा नाही. "अरे बाबू, हा संसार आहे का तुझा?" म्हणाल्या आणि खाली घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांच्या घरचं वरण-भात, आलूवांग्याची भाजी, पोळी मी जेवत राहिलो. त्यांचा मुलगा मिहानमधल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी गाडी चालवायचा. तीही उभी होती. म्हणजे त्या घरात कमाई थांबलेली असताना मी एक तोंड वाढलो होतो. रात्री अंगणात बसून काकूंनी शिवणगावच्या वावराबद्दल सांगितलं. कुठला धुरा कुणाचा होता, विहिरीचं पाणी कसं होतं, भाजीपाला बर्डीच्या बाजारात कसा जायचा. मी ज्या रस्त्यावर शेअर ऑटोची वाट पाहायचो त्या बाजूची सगळी वावरं त्यांना मालकांच्या नावानिशी पाठ होती. गाव सोडावं लागलं त्यांनाही, माझ्यापेक्षा कितीतरी कमी अंतरावर, आणि परत जायला शनिवारही नव्हता.

काम बंद म्हणजे आमचा पगार बंद. मार्चअखेर सरकारनं भविष्यनिर्वाह निधीतून आगाऊ रक्कम काढायची सोय केली. जमा रकमेच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, यातलं जे कमी असेल ते. मी मोबाइलवर अर्ज करायला बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा माझं खातं उघडून पाहिलं. नाव आधारशी जुळत नव्हतं, जन्मतारीख भलतीच. कोऱ्या फॉर्मवरची सही. दुरुस्तीला तेव्हा मालकाची, म्हणजे ठेकेदाराची, संमती लागायची, आणि फॉर्म ज्यांनी भरला त्या एजन्सीचा फोन लागत नव्हता. पगारातून ईएसआयचा हिस्सा कापतात हे मला माहीत होतं. पण आपला विमा क्रमांक कोणता, दवाखाना कुठला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. 21 हजारांच्या आत पगार असलेल्या माणसासाठी 0.75 टक्क्यात कुटुंबासकट उपचाराची ती सोय. बाबांच्या गुडघ्यासाठी आम्ही त्याच वर्षी खासगीत पैसे भरले होते.

मे महिन्यात ई-पास आणि डॉक्टरचा दाखला घेऊन मी गावी पोचलो. वेशीवर बांबू आडवे बांधलेले. मला घरी न जाऊ देता जिल्हा परिषदेच्या शाळेत 14 दिवस ठेवलं, ज्या वर्गात मी चौथी शिकलो त्याच्याच शेजारच्या वर्गात. बाबा रोज डबा आणून फाटकापाशी ठेवायचे आणि मागे सरून उभे राहायचे. मी जेवेपर्यंत बोलायचे. तिथं, मधे दहा पावलांचं अंतर ठेवून, मी त्यांना सगळं सांगितलं. ठेकेदार, अंगठ्याखालची ओळ, आईचे पैसे, गाडीचा हप्ता, आणि मित्राला दिलेला नंबर.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेकेदारात हायेस तं हायेस, कष्टाचंच खातेस. पन त्याच्या बापाले मी काय सांगू?" आणि पुढे म्हणाले, "मी कायले सांगू, तूच सांग."

बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो. एजन्सीला कुलूप लागल्याचं त्यांना कळलेलं होतं. मला आधीपासून माहीत होतं हे मात्र माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. मित्र उठून आत गेला. त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "तुले माहीत होतं?" मी हो म्हटलं. गाडी विकून कर्ज फेडलं, उरलेले चार-पाच हजार त्यांना नेऊन दिले, बाकीचे पुढे थोडे थोडे करून.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी परत नागपूरला आलो आणि या वेळी राहायला आलो. काकूंकडेच. करारनामा करू म्हटल्यावर त्या आधी दुखावल्या. भरवसा नाही का, म्हणाल्या. त्यांच्या मुलाला सोबत घेऊन समजावलं की 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, त्यात त्यांचीही सोय आहे, आणि मला तो बँकेला, गॅसला लागेल. दोघांनी मिळून नोंदणी केली. शेगडी आली, तवा आला. नव्या ठेकेदाराकडे लागताना फॉर्म 11 दोनदा वाचून भरला, भरलेल्याचा फोटो काढून ठेवला. गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती काढायला मंडळाचे हेलपाटे घातले. जुन्या खात्यातले पैसे अजून अडकलेलेच आहेत. काकूंना आता मिहानमधल्याच एम्समध्ये दाखवायला मी घेऊन जातो. 2022 मध्ये लोकार्पण झालेल्या त्या रुग्णालयाचा या भागाला किती आधार आहे, हे तिथली सकाळची नोंदणीची रांग पाहिली की कळतं. गडचिरोलीपासूनची माणसं त्यात असतात.

मित्राचे 15 हजार पूर्ण फिटले. तो बुटीबोरीला कामाला आहे, समोर आला तर बोलतो, कामापुरतं. यंदा त्याच्या धाकट्या भावाची पदविका झाली आणि तोही नागपूरला यायचं म्हणतोय. त्यांच्या घरून मला कुणी काही विचारलं नाही. आळीतल्या दुसऱ्या एका पोराला विचारलं. मला ते कळलं तेव्हा मी आपणहून त्या भावाला फोन केला. फाटकावर थेट जा, पैसे कुणाला देऊ नको, मूळ कागद देऊ नको, फॉर्म वाच, पहिल्या महिन्यातच खात्याचं नाव तपास, ईएसआयचा क्रमांक मागून घे, खोलीत शेगडी ठेव, असं सगळं सांगत गेलो. त्यानं मधे मधे विचारलं, लिहूनही घेतलं असावं. शेवटी म्हणाला, "दादाला विचारून सांगतो."